म्यूझस्कोअरमध्ये क्लॅरिनेट दोन सेमीटोन वर का वाजतं?

बी-फ्लॅट क्लॅरिनेटवाला कागदावरचा सी वाजवतो तेव्हा पियानोवरचा बी-फ्लॅट ऐकू येतो. फरक दोन सेमीटोनचा (सेमीटोन म्हणजे पियानोवरच्या लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर), आणि यात चूक कोणाचीच नाही. एकाच घराण्यातल्या लहानमोठ्या वाद्यांवर बोटं तीच राहावीत म्हणून केलेली ही सोय आहे. आल्टो सॅक्सोफोन ठेवून टेनर उचलला तरी लिहिलेल्या जीसाठी तीच बोटं पडतात, फक्त आवाज बदलतो. सा काळी एकचा असो की काळी चारचा, गाणारा त्याला साच म्हणतो, तसंच हे.

म्यूझस्कोअर हे नोटेशन लिहिण्याचं सॉफ्टवेअर. ते प्रत्येक स्वराची कानावर पडणारी पिच (स्वराची उंची) क्रमांकाने साठवतं: मधला सी ६०, ४४० हर्ट्झचा ए ६९. पडद्यावर कोणता स्वर दिसावा, हे वाद्याच्या सेटिंगवरून ठरतं. लिहिलेल्या स्वरापेक्षा एफ हॉर्न ७ सेमीटोन खाली वाजतो, आल्टो सॅक्स ९, टेनर सॅक्स १४. हे आकडे बदलायचे तर मापावर (ओळीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या भागावर) राइट-क्लिक करून 'स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीज' उघडा. तिथे अंतर, सप्तक आणि दिशा निवडता येते. टेनरसाठी मेजर सेकंड (दोन सेमीटोन), अधिक एक सप्तक, दिशा खाली.

चौथ्या आवृत्तीत उजवीकडे खाली असलेलं 'कॉन्सर्ट पिच' (म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर) बटण फक्त दिसणं बदलतं. ते दाबून आवाज बदलण्याची वाट पाहणारे बरेच असतात, पण आवाज तसूभरही हलत नाही. समजा ते चालू असताना आल्टो सॅक्सच्या ओळीत जी मेजरची पट्टी, एक शार्प दिसतो. बंद केलं की तीच ओळ ई मेजर, चार शार्प होते. वादकाच्या हाती द्यायची प्रत बटण बंद ठेवूनच छापा.

खरा घोळ दुसरीकडे होतो. छापील क्लॅरिनेट पार्ट कोणी पियानोच्या ओळीत जसाच्या तसा टाइप करतो आणि मग वाद्य बदलून क्लॅरिनेट करतो. अपेक्षा अशी की आता सगळं खाली वाजेल. पण प्रोग्रॅम ऐकू येणारी पिच जपतो आणि लेखन वर सरकवतो: सीच्या जागी डी दिसतो, वाजतो मात्र सीच, म्हणजे हव्या त्या स्वरापेक्षा दोन सेमीटोन वर. उपाय सोपा आहे. ती ओळ निवडा, 'टूल्स' मेनूतून 'ट्रान्स्पोज' उघडा, मेजर सेकंड खाली द्या आणि की-सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला पट्टी दाखवणारे शार्प-फ्लॅट) बदलण्याच्या चौकटीत टिक असल्याची खात्री करा. कागदावर पुन्हा सी येतो, कानावर बी-फ्लॅट. आधीच क्लॅरिनेट निवडून, कॉन्सर्ट पिच बंद ठेवून टाइप केलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची असेल तर म्युझिक-एक्सएमएल हा नोटेशनच्या देवाणघेवाणीचा फाइल-प्रकार बरा. त्यात क्लॅरिनेटसाठी दोन आकडे जातात: स्वरनावांची पायरी −१ आणि सेमीटोन −२. नुसते सेमीटोन दिले असते तर तो स्वर बी-फ्लॅट लिहायचा की ए-शार्प, हे कळलं नसतं. मिडी फाइलमध्ये नेमकं तेच होतं, तिथे फक्त क्रमांक असतो.

गिटारचं लेखन खऱ्या आवाजाच्या एक सप्तक वर असतं. ते दाखवायला क्लेफखाली (ओळीच्या सुरुवातीच्या, स्वरांची जागा ठरवणाऱ्या चिन्हाखाली) ८ लिहितात. तो क्लेफ असताना प्रॉपर्टीजमध्येही सप्तक खाली केलं, तर पुढे लिहिलेले स्वर दोन सप्तकं खाली वाजतात. दोहोंपैकी एकच ठेवा.

ट्यूनिंग हा वेगळाच मामला. एका सेमीटोनचे १०० सेंट. बरोक संगीतासाठी ए ४१५ हर्ट्झ हवा असेल तर ट्रान्स्पोज वापरू नका, कागदावरची पट्टीच बदलेल. सगळे स्वर निवडून 'प्रॉपर्टीज' पॅनलमधल्या प्लेबॅकच्या भागात ट्यूनिंग −१०१ करा. ४४२ साठी सुमारे +८. हा आकडा प्रत्येक स्वराला वेगळा चिकटतो. त्यामुळे नंतर घातलेला स्वर ४४० वरच वाजतो आणि शेजारच्यांशी भांडतो. म्हणून हे काम लेखन पुरं झाल्यावरच करावं.