डी नदीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये सॅमन मासेमारी : परवानगी कोणाकडून आणि कशी घ्यावी

इंग्लंडमध्ये गळाने सॅमन धरायचा असेल तर सरकारी परवाना काढावा लागतो. स्कॉटलंडमध्ये, सीमेवरील बॉर्डर एस्क नदीचे खोरे वगळता, असा परवानाच नाही. पण म्हणून कोणीही कोठेही गळ टाकावा असे मात्र मुळीच नाही. सॅमन धरण्याचा हक्क तेथे जमिनीसारखीच खासगी मालमत्ता मानला जातो आणि हक्कदाराच्या लेखी परवानगीविना मासेमारी करणे २००३ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरते. त्यामुळे अर्ज करायचा तो सरकारकडे नव्हे, तर हक्कदाराकडे किंवा त्याने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे.

स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पर्वतात उगम पावून अ‍ॅबर्डीनजवळ समुद्राला मिळणाऱ्या डी नदीचा हंगाम १ फेब्रुवारीला उघडतो. आपल्याकडे वनखात्यात असतात तशी या नदीचीही ‘बीट’, म्हणजे ठरावीक टप्पे, पाडलेली आहेत आणि प्रत्येक बीटावर दिवसाला ठरावीक गळांनाच, म्हणजे तितक्याच मासेमारांना, प्रवेश मिळतो. अर्जात बीट, तारीख, गळांची संख्या आणि गिली, म्हणजे त्या पात्राची खडान्‌खडा माहिती असलेला मदतनीस, हवा की नको हे स्पष्ट लिहावे. रविवारी सॅमनच्या मासेमारीला कायद्याने बंदी असल्याने ती तारीख मागूच नये.

पात्रतेसाठी परीक्षा नाही, नागरिकत्वाची अटही नाही. भारतातून जाणाऱ्यांना ब्रिटनचा व्हिसा अर्थातच लागतो. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे परवानगीपत्र, आणि त्यावर नाव, बीट व तारीख आहे याची खात्री करून ते काठावर जवळ बाळगावे, कारण मत्स्य मंडळाचे जलरक्षक तपासणी करू शकतात. परदेशात वापरलेले गळ, जाळी व बूट स्वच्छ करून पूर्ण सुकवलेले असावेत, आणि तसे लेखी विचारले गेल्यास खरे तेच लिहून द्यावे. नॉर्वेतील अनेक नद्यांमधील सॅमनचा घात करणारा जायरोडॅक्टिलस हा परजीवी ब्रिटनमध्ये अजून शिरलेला नाही आणि तो शिरू न देण्याची जबाबदारी प्रत्येक पाहुण्यावर आहे.

तारीख निवडताना पाण्याचा विचार आधी करावा. पाण्याचे तापमान साधारण पाच अंशांखाली असेल तर सॅमन उंच धबधबे-बंधारे ओलांडायला धजत नाही आणि खालच्या बीटांतच रेंगाळतो; म्हणून फेब्रुवारीसाठी खालचा भाग मागणे शहाणपणाचे, वरच्या भागाची पाळी पाणी उबदार होऊ लागल्यावर येते. एकाएकी ऊब आली की डोंगरावरचे बर्फ वितळून नदी फुगते. अशा वेळी भरलेले शुल्क परत मिळेलच असे गृहीत न धरता ती अट आधीच लेखी विचारून घ्यावी.

डी नदीवर फ्लाय, म्हणजे पिसे-दोरे बांधून केलेले कृत्रिम आमिषच वापरण्याची रीत आहे. थंड पाण्यात ते बुडणाऱ्या दोरीवर खोल आणि संथ चालवावे लागते. ३१ मार्चपर्यंत धरलेला प्रत्येक सॅमन जिवंत सोडणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि डीवर तर वर्षभर सोडून देण्याचीच परंपरा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ग्रेट ब्रिटनमधील सॅमन ‘संकटग्रस्त’ यादीत गेला, हे ध्यानात घेतले तर ही अट जाचक वाटू नये. या दिवसांत अंडी घालून थकलेले, कृश सॅमन, म्हणजे केल्टही गळाला लागतात. त्यांनाही पाण्याबाहेर न उचलता, टोकदार काटे चपटे केलेल्या गळातून सोडवावे आणि धरलेल्या माशांची नोंद त्याच संध्याकाळी गिलीकडे द्यावी, कारण हक्कदाराला वर्षाची आकडेवारी शासनाला कळवावी लागते.