कॅमोमाइल: एक नाव, दोन रोपं

आपल्याकडे भुईआवळा आहे, भुईरिंगणी आहे. जमिनीलगत वाढणाऱ्या रोपाला 'भुई' जोडलं की नाव तयार. ग्रीकांनीही नेमकं हेच केलं. 'खामाई' म्हणजे जमिनीवर, 'मेलॉन' म्हणजे सफरचंद. त्यातून आलं कॅमोमाइल, म्हणजे भुईसफरचंद: ज्याच्या सुक्या फुलांचा चहा करतात ते रोप. फळाशी याचा काही संबंध नाही. चुरगाळल्यावर सफरचंदासारखा वास येतो, म्हणून हे नाव. स्पॅनिशमध्ये तर सरळ 'मान्सानिया', छोटं सफरचंद. पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात मात्र 'बाबुना' मागावा. हे नाव फारसीतून, युनानी वैद्यकाबरोबर आपल्याकडे आलं.

गोंधळ पुढेच आहे. या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती नांदतात. जर्मन कॅमोमाइल म्हणजे मॅट्रिकेरिया कॅमोमिला: एका हंगामात उगवून, फुलून संपणारं, सरळ उभं, दोन फुटांपर्यंत वाढणारं रोप. रोमन कॅमोमाइल म्हणजे कॅमेमेलम नोबिले: बहुवर्षायू, बुटकं, जमिनीवर पसरणारं. त्याच्या 'ट्रेनीग' या न फुलणाऱ्या वाणाची इंग्लंडमध्ये हिरवळ लावतात. 'भुई' हे विशेषण खरं शोभतं ते यालाच, पण चहाच्या पाकिटात बहुधा असतो तो उभा जर्मन.

आपल्या पाकिटात कोणता आहे, हे ओट्याशी उभं राहून ओळखता येतं आणि मला ही परीक्षा फार आवडते. अख्खं सुकं फूल कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा आणि ब्लेडने मधोमध उभं चिरा. पिवळा भाग शंकूसारखा उंच आणि आतून पोकळ दिसला, तर जर्मन. भरीव निघाला आणि पिवळ्या कणांच्या मधे बारीक खवले दिसले, तर रोमन. भिंग असेल तर तो एकेक पिवळा कण नीट बघा: ते स्वतंत्र, पूर्ण फूल असतं. भोवतालची पांढरी पाकळीही एक वेगळं फूलच. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या कुळाची हीच रीत, आपण ज्याला फूल म्हणतो तो फुलांचा गुच्छ असतो.

जर्मन कॅमोमाइलचं तेल तर गडद निळं! फुलात मात्र निळं काहीच नसतं. त्यात मॅट्रिसिन नावाचं रंगहीन द्रव्य असतं. तेल काढताना वाफेच्या उष्णतेने त्याचं कॅमॅझुलिन बनतं आणि ते निळं असतं. रोमनमध्ये हे द्रव्य अगदी थोडं, त्यामुळे त्याचं तेल फार तर फिकट निळसर.

याच कुळातलं एक झाड पुणेकरांच्या चांगलंच ओळखीचं आहे: गाजरगवत. भारतातला त्याचा फैलाव 1950च्या दशकात पुण्याच्या परिसरातच प्रथम लक्षात आला. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. एकाच कुळातल्या वनस्पतींमध्ये मिळतीजुळती द्रव्यं असतात, त्यामुळे गाजरगवताचा किंवा शेवंतीचा त्रास होणाऱ्यांना कॅमोमाइलचाही होऊ शकतो. अशा माणसाने पहिला कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, मग पाकिटातलं फूल पोकळ असो की भरीव.