शांतता समितीत पोट्टे का नसतात?

नागपुरात पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागली की खुर्च्यांवर कोण बसणार हे बहुतेक ठरलेले असते. मंडळाचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, माजी नगरसेवक, एखादे निवृत्त गुरुजी. चहा येतो, ठाणेदार मिरवणुकीचा मार्ग आणि डीजे बंद करण्याची वेळ सांगतात, सगळे माना डोलावतात. मिरवणुकीत पुढे नाचणारा अठरा-वीस वर्षांचा पोट्टा मात्र तिथे सहसा नसतो. 17 मार्च 2025 ला नागपूरच्या महाल भागात दंगल उसळली तेव्हा अफवा मोबाइलवरून पसरल्या, आणि पकडलेल्यांत अल्पवयीन मुलेही निघाली. ज्येष्ठांनी समजूत घालून आवरावे असे तिथे फारसे काही उरले नव्हते.

हे अंतर जुने आहे. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी बनले आणि त्याच वर्षी पोलीस कायदाही आला. 1857 चा उठाव ताजा होता. त्यामुळे रयतेचा विश्वास मिळवण्यापेक्षा तिच्यावर वचक बसवणे सरकारला महत्त्वाचे वाटले. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरूनच संशयित ठरवले. तो 1952 मध्ये रद्द झाला. अख्ख्या वस्तीकडे संशयाने पाहण्याची खोड मात्र ठाण्यांतून तितक्या लवकर गेली नाही.

वेगळी वाट महाराष्ट्रातच सापडली होती. 1984 च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांचे लोक पोलिसांसोबत नियमित बसू लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्यानंतर समित्यांचे कौतुक सगळीकडे झाले, पण बहुतेक शहरांनी त्यातली सणापुरती बैठक तेवढी उचलली. नागपूरही त्यातच आले.

नागपूरचा धडा कडवट होता आणि तो बायांनी दिला. उत्तर नागपूरच्या कस्तुरबा नगरात अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षे दहशत माजवली होती. तक्रार द्यायला गेलेल्या बाईचे नाव ठाण्यातूनच त्याच्या कानावर जाते, असा वस्तीचा आरोप होता. 13 ऑगस्ट 2004 ला त्याला जिल्हा न्यायालयात आणले, आणि तिखट व भाजी चिरायचे चाकू घेऊन आलेल्या जमावाने भर कोर्टात त्याला संपवले. खून तो खूनच. पण पोलिसांवरचा भरवसा उडाला की लोक काय करून बसतात, हे याहून स्पष्ट कोणत्या अहवालाने दाखवले असते?

महिलांसाठी आणि घरगुती तंट्यांसाठी पुढे 2017 मध्ये नागपुरात भरोसा सेल सुरू झाला. समुपदेशक, वकील, पोलीस एका छताखाली. तरुण मुलांसाठी मात्र असा कायमचा दरवाजा उघडलेला दिसत नाही. झोपडपट्टीतल्या पोरांना 2001 मध्ये मैदानावर आणले ते क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी, फुटबॉल देऊन. त्यात ठाण्याचा वाटा नव्हता.

पोलिसांकडे आहे तो रेझिंग डेचा, म्हणजे पोलीस स्थापना दिनाचा सप्ताह, 2 ते 8 जानेवारी. शाळेची मुले रांगेने ठाण्यात येतात, बंदूक, वायरलेस, लॉकअप बघतात, ठाणेदारांसोबत फोटो काढतात. उपक्रम चांगलाच आहे, पण तो शाळेतून येतो. नववीत शाळा सोडून गॅरेजात लागलेल्या पोट्ट्याची पोलिसांशी पहिली ओळख होते ती नाकाबंदीत, चार्लीने, म्हणजे दुचाकीवरच्या गस्ती पोलिसाने, गाडीची चावी काढून घेतल्यावर.