झोपलेला गाडीवान

गळीत हंगामात सांगलीच्या आसपास रात्री रस्त्याला लागलात तर उसाच्या बैलगाड्या भेटतात. गाडीवान उसाच्या मोळ्यांवर घोंगडं घेऊन गाढ झोपलेला असतो आणि बैल चालत असतात. फाटा आला की वळतात, कारखान्याच्या रांगेत येऊन थांबतात. रस्ता त्या वेळी गाडीवानाच्या डोक्यात नसतो, बैलांच्या पायांत असतो.

मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या एका हमालाशी बोलताना मला हे चित्र आठवलं. रोज संध्याकाळी दोन क्वार्टर, वर्षानुवर्षं. तो म्हणाला, "सर, चव कवाच गेली. चढतबी न्हाई आता. पण सौदं उठलं, सहा वाजलं की पाय तिकडंच वळत्यात."

न आवडणारी गोष्ट माणूस रोज का करतो? घरचे म्हणतात, मन दुबळं. पण 1982 मध्ये क्रिस्टोफर ॲडम्स या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर केलेला एक प्रयोग या हमालाच्या बाजूने साक्ष देतो. दांडी दाबली की साखरेची गोळी मिळते, हे उंदीर शिकले. काहींनी ती 100 वेळा दाबली, काहींनी 500 वेळा. मग साखर खाल्ल्यावर त्यांना मळमळ होईल असं औषध टोचलं. साखर नकोशी झाली. पुन्हा दांडीपाशी सोडल्यावर 100 वेळावाल्यांनी हात आखडता घेतला. 500 वेळावाले मात्र दांडी दाबतच राहिले. साखर तोंडात घालायला ते तयार नव्हते, तरी दाबत होते!

म्हणजे एकच कृती मेंदू दोन रीतींनी चालवू शकतो. एका रीतीत फळ डोळ्यांसमोर असतं: हे केलं तर ते मिळेल, मला ते हवं आहे का? दुसऱ्या रीतीत फळाचा विचारच नसतो. खूण दिसली की कृती सुरू. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. त्याच्या वरच्या अर्ध्यातला आतल्या बाजूचा पट्टा पहिल्या रीतीत गुंतलेला असतो, बाहेरच्या बाजूचा दुसऱ्या. सायकल चालवणं, भाकरी थापणं, कुलूप लावणं ही कामं आपण दुसऱ्या रीतीवर सोपवतो, म्हणून तर दिवस पार पडतो. सवय हा मेंदूचा दोष नाही. दारू तिच्यावर फुकट स्वार होते, इतकंच.

ही सोपवासोपवी दारूच्या बाबतीतही प्रयोगात दिसली आहे. दारूसाठी दांडी दाबणारे उंदीर दोन आठवड्यांनंतरही फळ पाहून वागत होते. आठ आठवड्यांनी तेच काम सवयीचं झालं होतं, आणि बाहेरचा पट्टा तात्पुरता बंद केला की ते पुन्हा फळाचा विचार करू लागत. जर्मनीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये माणसांना दारूची चित्रं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. खूप पिणाऱ्यांमध्ये स्ट्रायटमचा वरचा, सवयीशी जोडलेला भाग जास्त जागा झाला. थोडं पिणाऱ्यांमध्ये तसं झालं नाही.

आता अँटाब्यूजच्या गोळीकडे बघा. तिच्यातलं डायसल्फिराम हे औषध दारूवर वापरता येईल हे 1948 मध्ये डेन्मार्कमध्ये पुढे आलं. ही गोळी घेतलेल्याने दारू प्यायली की चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात. म्हणजे ॲडम्सने साखरेचं जे केलं तेच ही गोळी दारूचं करते: फळ कडू करते. पण 500 वेळावाल्या उंदरांना फळ कडू झाल्याने फरक पडला नव्हता. नुसत्या धाकाने पाय वळायचे थांबत नाहीत, ते यामुळेही असावं. डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि घरच्या कुणाच्या देखत घेतली तर तिचा उपयोग होतो. भाजीत गुपचूप कालवणं मात्र जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद करणंही धोक्याचं. फिट येऊ शकते, भ्रम होतो. ते डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावं.

सगळं सवयीच्या माथी मारलं की मलाच शंका येते. दोन ऑक्टोबरला दुकानं बंद असतात, तेव्हा याच हमालाची हुशारी बघावी. आदल्या दिवशी साठा, तो संपला तर कुणाच्या ओळखीने कुठून मिळेल याची पूर्ण माहिती. हे काही झोपलेल्या गाडीवानाचं काम नव्हे. काही संशोधक नेमका हाच आक्षेप घेतात: त्रास, एकटेपणा, सकाळची हातांची थरथर यांतून सुटायला माणूस दारू जाणूनबुजून शोधतो. मला दोन्ही खरं वाटतं. सहा वाजता बैल नेतात, ड्राय डेला गाडीवान उठून कासरा धरतो.

पण बैलांचा भाग निदान हाताळता येतो, कारण तो खुणांवर चालतो. बायका मतदान करून गावात बाटली आडवी करतात, तेव्हा इतर बऱ्याच गोष्टींबरोबर रोजच्या वाटेवरची एक खूणही पुसली जाते. पिणारा शेजारच्या गावी जाऊ शकतो, जातोही. पण त्यासाठी त्याला जागं व्हावं लागतं.

हमालाने उपचार घेतले. चार महिने कोरडा राहिला, कामावर परतला आणि तिसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर गेला. पुन्हा उपचार झाले. आता पावणेसहाला त्याचा मुलगा स्कूटर घेऊन यार्डाशी येतो. पहिल्या दिवशी ते नेहमीच्याच रस्त्याने गेले. कोपऱ्यावर खड्डा आला, स्कूटर जरा हळू झाली आणि मागे बसलेल्या बापाचा पाय खाली टेकला. उतरायचं काही त्याच्या मनात नव्हतं म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून ते लांबच्या रस्त्याने जातात. पोरगा पेट्रोलच्या नावाने कुरकुरतो.