फॅन बेल्ट ओरडतोय? आधी पुली बघा

जुना ट्रॅक्टर सुरू करताना फॅन बेल्ट (इंजिनच्या पुलीवरून फॅन-वॉटर पंप आणि चार्जिंगचा डायनामो फिरवणारा पट्टा) चीं करून ओरडतो, काम सुरू झालं की टेम्परेचरचा काटा चढतो, चार्जिंगचा दिवा मिणमिणतो. लोक नवा बेल्ट टाकतात आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज पुन्हा येतो. अशा वेळी दोष बहुधा पुलीत किंवा बेअरिंगमध्ये असतो.

इंजिन बंद करून गार होऊ द्या, चावी काढा, बॅटरीची अर्थची वायर सोडा. बेल्टच्या सर्वांत लांब पदराच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण 10 ते 15 मिमी दबला तर ताण बरोबर. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा.

आता टॉर्च मारून पुलीच्या खाचेत बघा. हा व्ही बेल्ट, म्हणजे V आकाराचा, तळावर चालत नाही. पाचर ठोकावी तसा दोन्ही बाजूंनी आवळून चालतो. योग्य मापाचा नवा बेल्ट पुलीच्या काठाबरोबर किंवा किंचित वर बसतो. खाच झिजून रुंद झाली की तो आत बसून तळाला टेकतो आणि सटकतो. खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल तर हेच झालंय. मग ताण कितीही वाढवा, पुली बदलल्याशिवाय सुटका नाही.

बेल्ट उतरवून फॅन हाताने फिरवा, पुढे-मागे हलवा. खरखर किंवा ढिलाई म्हणजे वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय. डायनामोही तसाच तपासा. ऑइल लागलेला बेल्ट फुगतो. तो बदलाच, पण आधी गळती थांबवा. साबण लावून आवाज तेवढ्यापुरता दबतो, बाकी काही नाही.

बसवताना डायनामोचे बोल्ट ढिले करून तो इंजिनकडे ढकला आणि बेल्ट हातानेच चढवा. स्क्रू ड्रायव्हरने ओढून चढवला तर आतले दोर तुटतात, वरून काही दिसत नाही. ताण देताना टॉमी (लोखंडी दांडा) डायनामोच्या पुलीकडच्या झाकणाला टेकवा. मधल्या बॉडीला लावली तर ती चेपते. तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलात तर पंप आणि डायनामो दोघांची बेअरिंगं जातील. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो, म्हणून अर्ध्या तासाने आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर ताण पुन्हा बघा.

दुकानात येताना जुना बेल्ट आणा. नंबर पुसला असेल तर डायनामो त्याच्या ताण देण्याच्या पट्टीच्या मधोमध ठेवून तिन्ही पुलींच्या काठांवरून दोरी गुंडाळा आणि ती दोरी आणा. ताणलेल्या बेल्टपेक्षा तिचं माप खरं.