तुळईतलं साल

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावी जोनाथन फेअरबँक्सचं लाकडी घर अजून उभं आहे. इंग्लंडातल्या यॉर्कशरमधून बायकामुलांसह आलेल्या या माणसाने ते बांधलं, तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती. घराण्यात बांधकामाचं साल 1636 सांगत. पुढे तुळयांमधली वाढीची वलयं मोजली, तर झाडं 1637 ते 1641 च्या दरम्यान तोडलेली निघाली. फरक थोडा असला तरी पूर्वज शोधणाऱ्याने तो लक्षात ठेवावा, कारण घरोघरच्या गोष्टींना वय वाढवून सांगायची खोड असते.

पण लाकूड माणसांची नावं सांगत नाही. ती सापडतात दप्तरात. जन्म, लग्न, मृत्यूची नोंद ठेवण्याचा कायदा या वसाहतीने 1639 मध्येच केला होता. त्याहून बोलकी असते मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी. ठरवून दिलेली माणसं मयताच्या घरात फिरून अंथरुणं, भांडी, अवजारं किमतीसकट लिहून काढत, पुष्कळदा खोलीवार. मृत्युपत्रात मुलींची सासरची नावं येतात, आणि आडनाव बदलल्यामुळे हरवलेली शाखा तिथे हाती लागते. जनगणनेचा उपयोग मात्र उशिरा. 1790 पासूनच्या नोंदींत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव 1850 पासून येऊ लागलं. गुलामांची नावं तेव्हाही वगळलेली.

जोनाथन 1668 मध्ये वारला आणि घर थोरल्या जॉनकडे गेलं. आणखी एक मुलगा जोनास मॅसॅच्युसेट्समधल्याच लँकेस्टर गावी जाऊन राहिला होता. 1676 मध्ये मूळ रहिवाशांनी त्या गावावर केलेल्या हल्ल्यात तो आणि त्याचा मुलगा मारले गेले. त्याचा माग डेडहॅमच्या घरात बसून लागत नाही. घर सांगतं ते घरात राहिलेल्यांचंच, आणि वंशज म्हणवणारे बहुतेक जण बाहेर पडलेल्यांचे असतात. 1905 ते 1909 या काळातले उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स फेअरबँक्स हेही जोनाथनचेच वंशज.

घरात आठ पिढ्या नांदल्या. शेवटची रहिवासी रेबेका. 1892 मध्ये वीज पडून तिचा कुत्रा मेला, तरी ती काही वर्षं तिथेच राहिली. 1904 मध्ये वंशजांच्या संस्थेने घर विकत घेतलं. आज ते संग्रहालय आहे.