‘७१५’ लिहिलेला सहीचा चेंडू घेण्यापूर्वी

काचेच्या कपाटापाशी थांबून बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात: “हा तोच चेंडू का हो?”

नाही. तो चेंडू एकच, आणि तो कुठे गेला हे त्याच रात्री सगळ्यांनी पाहिलं. ८ एप्रिल १९७४, अटलांटा, बेसबॉलचा सामना, चौथी इनिंग. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या अल डाउनिंगच्या चेंडूवर हँक ॲरन यांनी कारकिर्दीतला ७१५वा होम रन (चेंडू कुंपणापार टोलवून काढलेली धाव) मारला आणि बेब रूथचा ७१४ चा विक्रम मोडला. कुंपणापलीकडे ॲरनच्या संघाच्या, म्हणजे ब्रेव्ह्‌जच्याच टॉम हाऊसने तो झेलला आणि धावत जाऊन ॲरनच्या हाती दिला.

आमच्याकडे मिळतात ते ॲरन यांनी पुढे सह्या केलेले चेंडू, फोटो आणि त्या सामन्याची तिकिटं. काही चेंडूंवर सहीसोबत त्यांनी स्वतः ‘७१५’ किंवा तारीख लिहिलेली असते. त्या आकड्यांनी किंमत चढते, म्हणून नकली काम करणाऱ्याचा हातही तिथेच आधी चालतो. आमच्या आवडीची वस्तू मात्र वेगळी: ॲरन आणि डाउनिंग दोघांच्या सह्यांचा फोटो. दोघांच्याही पाठीवर ४४ नंबर!

सहीआधी चेंडूवरचा शिक्का वाचा. १९७४ साली नॅशनल लीगचे (हे दोन्ही संघ खेळत ती लीग) चेंडू स्पाल्डिंग कंपनी बनवायची. रॉलिंग्ज कंपनीचे आले १९७७ पासून. रॉलिंग्जच्या चेंडूवर ॲरनची अस्सल सही असू शकते, कारण त्यांनी पुढे कित्येक वर्षं सह्या दिल्या. पण असा चेंडू ‘त्या रात्रीचा’ म्हणून कुणी दाखवला, तर चहा घेऊन निघा. ॲरन २२ जानेवारी २०२१ रोजी गेले. त्यानंतर ‘समोर बसून घेतलेली’ सही असूच शकत नाही.

प्रमाणपत्रं दोन तऱ्हेची असतात, आणि गोंधळ इथेच होतो. एकात सही होताना माणूस समोर हजर असतो. मेजर लीग बेसबॉलची (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची) होलोग्राम-स्टिकरची व्यवस्था अशी आहे, पण ती २००१ मध्ये सुरू झाली. दुसऱ्यात जाणकार नंतर सही पाहून मत देतो. तेही चालतं, पण ते मतच. बिलावर आम्ही कोणतं ते स्पष्ट लिहितो आणि प्रमाणपत्राचा क्रमांक तुमच्यासमोर तपासतो.

सही शक्यतो बॉलपेनची, शिवणी सगळ्यांत जवळ येतात त्या जागेवरची घ्या. मार्करची शाई कातड्यात पसरते. जुन्या लोकांनी टिकावी म्हणून वर शेलॅक (लाखेचं वार्निश) चोपडलेले चेंडू पिवळे पडलेले दिसतात. तसलं काही लावू नका. ऊन लागू देऊ नका, सहीवर बोट फिरवू नका.

भारतात नातेवाइकांसाठी नेणार असाल तर विमानात हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते. चेंडूच्या डबीशेजारी सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती वेळोवेळी बदला. पुड्या आम्ही फुकट देतो.